गाडी ठरवताना : मुंबई ते पुणे
(मोठ्या गटासाठी पाठ. पालकांनीही वाचावा.)

इंग्रजीत टॅक्सी 'बुक' होते, मराठीत मात्र तिच्यासाठी बरीच क्रियापदे आहेत. रस्त्यात हात दाखवून थांबवली तर आपण टॅक्सी 'पकडतो'. 'आम्ही पुण्याहून गाडी करून आलो' म्हणजे बस किंवा आगगाडीने न येता भाड्याच्या मोटारीने आलो. 'उद्या पहाटे पाचची गाडी सांगितली आहे' म्हणजे निरोप गेला, गाडी येणार. आणि 'गाडी ठरवली' म्हणजे वेळ, ठिकाण, माणसे, सामान आणि पैसे या सगळ्यांविषयी बोलणे पक्के झाले. आजचा पाठ या शेवटच्या क्रियापदाचा आहे.

हा विषय घेण्याचे कारण सांगतो. आपल्या वर्गातील बहुतेकांचे आजी-आजोबा पुण्याकडे, आणि आपली विमाने बहुधा मुंबईला, तीही मध्यरात्रीनंतर उतरतात. पूर्वी घ्यायला काका किंवा मामा येत. आता आजोबा पंचाहत्तरीचे झाले, मामा स्वतःच परदेशी, आणि सोळा-सतरा वर्षांची मुले एकटी प्रवास करू लागली आहेत. तेव्हा मुंबई विमानतळ ते पुण्याचे घर हे सुमारे दीडशे किलोमीटर एका अनोळखी माणसाबरोबर, रात्री, मराठीत बोलत पार पाडायचे आहेत. आपल्या मुलांचे मराठी गोड आहे, पण ते स्वयंपाकघरात शिकलेले मराठी आहे. त्यात भूक, झोप, अभ्यास आणि रागावणे हे सगळे येते, पण भाडे येत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा वेळेचा होतो. समजा, तिकिटावर लिहिले आहे की विमान शनिवारी, २० तारखेला, रात्री १ वाजून ४५ मिनिटांनी उतरेल. तुम्ही आजोबांना फोनवर सांगता, 'शनिवारी पावणेदोन.' आजोबा गाडीवाल्याला सांगतात, 'शनिवारी रात्री पावणेदोन.' झाले! गाडी शनिवारी संध्याकाळी पुण्याहून निघते आणि तुम्ही पहाटेपासून विमानतळावर तिची वाट पाहता. यात कोणी खोटे बोलले नाही. पंचांगातला वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो आणि आपल्या बोलण्यातली रात्रही तशीच चालते. ती झोपल्यापासून उठेपर्यंत एकच असते, मध्ये बाराला तुटत नाही. तिकीट मात्र घड्याळाचे ऐकते. (आम्ही संगणकवाले. आमच्या धंद्यात मध्यरात्र ओलांडणारी तारीख दिसली की आधी तिथेच भिंग लावतात.)

म्हणून वाक्य असे पाठ करा : 'शुक्रवार संपून शनिवार लागतो त्या रात्री, पावणेदोन वाजता. तारीख वीस.' थोडे लांबलचक आहे, पण त्याचे दोन अर्थ होत नाहीत.

इंग्रजीच्या सवयीने काही मुले 'सकाळी दीड वाजता' म्हणतात. मराठीत सकाळी दीड कधीच वाजत नाही. दीड एकतर दुपारी वाजतो, नाहीतर रात्री. 'पहाट' साधारण चारच्या पुढे लागते. आणि 'परवा' हा शब्द तर गाडी ठरवताना तोंडातून काढूच नये. तो गेलेला परवाही असतो आणि येणाराही. शिवाय हिवाळ्यात तुमच्या न्यू जर्सीच्या घड्याळापेक्षा भारताचे घड्याळ साडेदहा तास पुढे असते. इथे शुक्रवारी रात्री नऊ वाजता बोलत असाल तर तिथे शनिवारचे साडेसात वाजून चहा झालेला असतो. मग तुमचा परवा आणि त्यांचा परवा जुळणार कसा? वार आणि तारीख दोन्ही सांगा. मुंबईत हिंदी बोलणारे चालकही पुष्कळ भेटतात. त्यांच्या 'परसों'ची तीच गत आहे, आणि 'कल' तर काल आणि उद्या दोन्ही असतो.

आता पैसे. मराठी माणूस भाडे अपूर्णांकात सांगतो. सव्वादोन हजार म्हणजे २,२५०, अडीच हजार म्हणजे २,५००, पावणेतीन हजार म्हणजे २,७५०. 'पावणे' म्हणजे पाव कमी, हे विसरलात तर तीनाच्या पुढचा आकडा ऐकू येतो. 'साडेएक' आणि 'साडेदोन' मराठीत नाहीत. तिथे दीड आणि अडीच, मग साडेतीनपासून साडे सुरू. 'सव्वाशे' १२५ आणि 'पाऊणशे' ७५. फोन नंबरसाठी मात्र एकेक आकडा सुटा सांगा. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत तुमचे पालकही अडखळतात, हे आम्ही वर्गाबाहेर उभे राहून ऐकले आहे.

भाड्यामागचे गणित समजले की बोलणे सोपे जाते. गाडी पुण्याची आहे आणि तुम्हाला मुंबईहून आणायचे आहे, तर ती जाताना रिकामी जाते. म्हणून पुष्कळ गाडीवाले दोन्ही वेळचे किलोमीटर धरतात. दर किलोमीटरला १५ रुपये धरला (हा आकडा केवळ गणितापुरता), तर ३०० किलोमीटरांचे साडेचार हजार होतात. एकेरी भाडे मिळाले तर सव्वादोन हजार. याच कारणाने मुंबईत प्रवासी सोडून पुण्याला परत निघालेली गाडी स्वस्तात येऊ शकते. अशी गाडी पाटीवरून ओळखता येते : एमएच १२ पुण्याची, एमएच १४ पिंपरी-चिंचवडची, तर एमएच ०१, ०२ आणि ०३ मुंबईच्या. लांबच्या प्रवासात काही जण 'गॅरेज ते गॅरेज' किलोमीटर मोजतात, म्हणजे मीटर तुमच्या दारात सुरू न होता त्यांच्या दारात सुरू होतो. हेही विचारून घ्यावे.

त्यानंतर टोल. 'टोल धरून की सोडून?' हे आजच्या पाठातले सर्वांत उपयोगी वाक्य. द्रुतगती मार्गावर मोटारीचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना टोल नाही, तेव्हा वाशीच्या नावाने कोणी पैसे मागितले तर नम्रपणे नकार द्यावा. दादर-परळकडून निघून चालक अटल सेतूने गेला तर त्याचा टोल वेगळा. जानेवारी २०२४ मध्ये तो सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका वेळचे २५० रुपये होते.

आता संवाद वाचू. दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा.

— नमस्कार काका, मुंबईच्या विमानतळावरून कोथरूडला यायचं आहे. गाडी मिळेल का?
— मिळेल की. कधी यायचंय?
— शुक्रवार संपून शनिवार लागतो ना, त्या रात्री. तारीख वीस. विमान पावणेदोनला उतरतंय.
— म्हणजे आमची गाडी शुक्रवारी संध्याकाळीच निघायला पाहिजे.
— हो, बरोबर.
— माणसं किती? सामान?
— तीन माणसं, मोठ्या सहा बॅगा. डिकीत सिलिंडर असलेली गाडी नको.
— मग मोठीच गाडी लागेल. साडेपाच होतील.
— टोल धरून की सोडून?
— टोल, पार्किंग वेगळं.
— सगळं धरून सांगा ना.
— सगळं धरून सहा द्या.
— आणि विमानाला उशीर झाला तर?
— दोन तास काही नाही. पुढं तासाला दोनशे.
— चालेल. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन कधी कळवाल?
— आदल्या दिवशी दुपारी.

'गाडी शुक्रवारी संध्याकाळीच निघायला पाहिजे' हे वाक्य समोरून आले, की तारीख बरोबर पोचली असे समजा. नाही आले तर आपण विचारावे, 'तुम्ही पुण्याहून कधी निघाल?' 'सहा द्या' म्हणजे सहा हजार. हजार हा शब्द गाळतात. सिलिंडरचे म्हणाल तर गॅसवर चालणाऱ्या बऱ्याच मोटारींत तो डिकीत असतो आणि अर्धी जागा खातो. अमेरिकेतून येणाऱ्या बॅगांपुढे उरलेली अर्धी काय पुरणार!

दुसरे म्हणजे 'काका' आणि 'कळवाल'. आपली मुले घरात आई-बाबांकडून 'तू' ऐकतात आणि तेच बाहेर नेतात. 'तू कुठे आहेस?' असे वडिलांच्या वयाच्या चालकाला विचारले, तर तो बिचारा काही बोलणार नाही, पण ते त्याला लागेल. तरुण असेल तर 'दादा', वयस्क असेल तर 'काका', आणि दोघांनाही 'तुम्ही'. अॅपवरून गाडी मागवली तरी यातून सुटका नाही. भाडे पडद्यावर दिसते, पण चालकाचा फोन येतोच : 'कुठं उभे आहात?' उत्तरात जवळच्या खांबाचा क्रमांक आणि अंगातल्या कपड्यांचा रंग सांगावा.

गाडी आली की बसण्याआधी पाटी पाहा. भाड्याच्या मोटारीची पाटी पिवळी आणि आकडे काळे असतात. विजेवर चालणारी असेल तर पाटी हिरवी आणि आकडे पिवळे. पांढरी पाटी खाजगी मोटारीची. ती भाड्याने चालवायला परवाना नसतो, आणि अपघात झाल्यास विम्याचे भांडण प्रवाशाच्या गळ्यात येऊ शकते. चार पैसे वाचले तरी अशा गाडीत मुलांना बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाटेत आजीचे फोन येणारच. 'कुठपर्यंत आलात?' याला 'रस्त्यात आहे' हे उत्तर नव्हे. क्रम लक्षात ठेवा : वाशीचा खाडीपूल, कळंबोली, खालापूरचा टोलनाका, मग बोरघाट चढून खंडाळा-लोणावळा, तळेगाव, आणि किवळ्याला द्रुतगती मार्ग संपतो. 'घाट चढलो' एवढे दोन शब्द ऐकले की आजी स्टोव्हवर पाणी ठेवण्याची तयारी करते. हा मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधीचे आम्ही घाटात अमृतांजन पूल आला की पोचल्यासारखे मानत असू. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला.

एक गोष्ट गंभीरपणे. तुमचा चालक संध्याकाळी पुण्याहून निघालेला असतो, विमानतळावर ताटकळलेला असतो, आणि पहाटे तीन-चारला घाटात असतो. मोटारींना सपाटीवर ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे. मागे बसलात तरी पट्टा लावा. आणि त्याची मान डुलते आहे असे वाटले तर संकोच न करता म्हणा, 'दादा, चहाला थांबूया का?' यात अपमान होत नाही आणि थांबायला कारणही मिळते. खालापूरच्या फूड मॉलवर रात्रीही जाग असते. चहाचे पैसे आपण द्यावेत.

स्वाध्याय
१. आज बुधवार, १७ तारीख आहे. 'परवा रात्री साडेबाराला' याचे किती अर्थ होतात? प्रत्येकाची तारीख लिहा.
२. पावणेचार हजार अधिक सव्वातीनशे किती? उत्तर आधी शब्दांत, मग आकड्यांत लिहा.
३. चालक म्हणतो, 'टोल सोडून पाच, वेटिंग वेगळं.' त्याला विचारायचे तीन प्रश्न 'तुम्ही' वापरून लिहा.
४. या आठवड्यात आजीला किंवा आजोबांना फोन करून तुमच्या पुढच्या विमानाची वेळ सांगा, आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.