ग्लासगोचे विमानतळ : एका स्पर्धेचा अभ्यास

वाहतुकीचा भूगोल शिकविताना बंदरांविषयी पुष्कळ बोलले जाते. बंदर कोठे वाढते, पाण्याची खोली किती, पृष्ठप्रदेश कोणता, हे प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकांतून वारंवार भेटतात. विमानतळांविषयी मात्र विद्यार्थ्यांची एक सोपी समजूत असते. सपाट जमीन आणि मोकळे आकाश मिळाले, की विमानतळ झाला, असे त्यांना वाटते. ही समजूत किती अपुरी आहे हे दाखविण्यासाठी मी प्रस्तुत लेखात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे उदाहरण घेतले आहे. या शहराने गेल्या शंभर वर्षांत रेनफ्रू, प्रेस्टविक आणि ॲबट्सिंच असे तीन विमानतळ वापरले. त्यांपैकी पहिल्याच्या जागेवरून आज मोटारी धावतात. दुसऱ्यापाशी तिघांत सर्वांत लांब धावपट्टी आणि सर्वांत स्वच्छ हवामान होते, तरी तो सरकारला एका पौंडाला विकत घ्यावा लागला. तिसरा दोन ओढ्यांमधील सखल, धुकट जमिनीवर वसला आणि तोच शहराचा मुख्य विमानतळ ठरला. असे का घडले, हा या लेखाचा विषय होय.

रेनफ्रू : शहराच्या दारातील मैदान

ग्लासगो क्लाइड नदीच्या काठी वसलेले शहर आहे. कोळसा, लोखंड आणि जहाजबांधणी यांवर ते वाढले. शहराच्या पश्चिमेस काही मैलांवर रेनफ्रू येथे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून विमाने उतरत होती. १९३०नंतरच्या दशकात तेथून नागरी वाहतूक सुरू झाली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर असंख्य बेटे आहेत. तेथील माणसाला मुख्य भूमीवर यायचे तर बोट, मग रस्ता, मग पुन्हा बोट, असा दिवसभराचा प्रवास करावा लागे. १४ मे १९३३ रोजी आयला या बेटावरून एका अत्यवस्थ रुग्णाला विमानाने रेनफ्रूला आणण्यात आले. स्कॉटलंडमधील हवाई रुग्णवाहिकेची परंपरा या उड्डाणापासून मोजतात. विमानतळाचे शहराजवळ असणे ही केवळ सोयीची बाब नसते, कधी कधी तो जीवनमरणाचा प्रश्न असतो, हे या एका घटनेवरून ध्यानात यावे.

१९५४ मध्ये रेनफ्रूला मोठी कमान असलेली नवी आधुनिक इमारत बांधली गेली. परंतु इमारत नवी असली तरी मैदान जुनेच होते. भोवती घरे दाटली होती, धावपट्टी लांबविण्यास जागा नव्हती आणि विमाने तर वर्षागणिक जड होत चालली होती. शहराजवळ असणे हा जो रेनफ्रूचा गुण, तोच शेवटी त्याचा दोष ठरला. इमारत उभी राहून पुरती बारा वर्षेही झाली नाहीत, तोच २ मे १९६६ रोजी विमानतळ बंद झाला. पुढे एम-८ या द्रुतगती रस्त्याचा एक सरळसोट भाग त्याच्या धावपट्टीच्या जागेवर आखला गेला.

प्रेस्टविक : महासागराचे दार

आता आपण ग्लासगोहून नैऋत्येस सुमारे तीस मैलांवर, एअरशायरच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊ. प्रेस्टविक हे मुळात छोटे गाव. १८६० मध्ये गोल्फची पहिली ‘ओपन’ स्पर्धा तेथे झाली, एवढीच त्याची ख्याती. या गावाला विमानांच्या नकाशावर आणणाऱ्या दोन वैमानिकांचा भारताशी संबंध आहे. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाहून दोन विमाने उडाली आणि मानवाने प्रथमच एव्हरेस्ट शिखर हवेतून ओलांडले. मार्क्विस ऑफ क्लाइड्सडेल व डेव्हिड मॅकिंटायर हे त्या विमानांचे चालक होते. दोघेही ग्लासगोच्या ६०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील. स्वदेशी परतल्यावर त्यांनी १९३५ मध्ये प्रेस्टविकला एक कंपनी काढली. पुढे ती ‘स्कॉटिश एव्हिएशन’ म्हणून प्रसिद्धीस आली. १९३६ मध्ये तेथे वैमानिकांची शाळा सुरू झाली आणि नंतर विमानांचा कारखानाही उभा राहिला. याच कारखान्याच्या एका विमानाच्या अपघातात १९५७ मध्ये लिबियात मॅकिंटायर मृत्यू पावले.

त्यांनी हीच जागा का निवडली असावी? क्लाइडच्या खोऱ्यात नदीची ओल आणि कारखान्यांचा धूर एकत्र येऊन दाट धुके साचे. प्रेस्टविकला समुद्रावरचा वारा धुके टिकू देत नसे. दुसरे कारण पृथ्वीच्या गोलाकारात आहे. सपाट नकाशावर न्यू यॉर्क युरोपच्या सरळ पश्चिमेस दिसते. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर जवळची वाट उत्तरेकडून, न्यूफाउंडलंडवरून येते आणि आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूस निघते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग वर्गातील पृथ्वीगोलावर अवश्य करून पाहावा.

दुसऱ्या महायुद्धात या स्थानाचे मोल एकाएकी वाढले. अमेरिकेत व कॅनडात तयार झालेली लढाऊ विमाने जहाजांतून आणली, तर पाणबुड्यांच्या तावडीत सापडत. म्हणून ती उडवीतच आणण्याचे ठरले आणि न्यूफाउंडलंडमधील गँडरहून निघालेल्या विमानांचे प्रेस्टविक हे प्रमुख मुक्कामाचे ठिकाण बनले. युद्ध संपताच तीच वाट प्रवाशांना खुली झाली. ॲमस्टरडॅमहून न्यू यॉर्कला जाणारी के.एल.एम.ची विमाने १९४६ मध्ये येथे इंधनासाठी थांबू लागली. अर्थात निसर्गाची कृपा बिनशर्त नव्हती. ऑक्टोबर १९४८ मध्ये याच कंपनीचे एक विमान खराब हवेत प्रेस्टविकला उतरू पाहत असता कोसळले आणि त्यातील चाळीसही जण मरण पावले. तथापि चांगल्या हवेबद्दलचा प्रेस्टविकचा लौकिक कायम राहिला. ३ मार्च १९६० रोजी जर्मनीहून मायदेशी निघालेला सैनिक-गायक एल्विस प्रिस्ली येथे थोडा वेळ उतरला होता, याचा तेथील लोकांना आजही अभिमान आहे.

मात्र येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. या काळात प्रेस्टविकला विमाने उतरत होती, ती प्रामुख्याने पंख्याच्या एंजिनांना एका दमात महासागर ओलांडणे जड जाई म्हणून. १९५८पासून जेट विमाने अटलांटिकवर धावू लागली आणि वाटेत थांबण्याची गरज ओसरली. ज्या कारणामुळे प्रेस्टविक मोठे झाले होते, ते कारणच नाहीसे होऊ लागले. नेमक्या याच सुमारास तेथे धावपट्टी वाढविण्यात आली आणि १९६४ मध्ये नवी इमारत उघडली.

ॲबट्सिंच : नगरपालिकेचे धाडस

रेनफ्रूपासून दोनच मैलांवर, व्हाइट कार्ट आणि ब्लॅक कार्ट या दोन प्रवाहांच्या बेचक्यात ॲबट्सिंच आहे. स्कॉटलंडमध्ये नदीकाठच्या सखल कुरणाला ‘इंच’ म्हणतात. ‘ॲबट’ म्हणजे मठाधिपती. नावावरूनच जागेची कल्पना यावी. १९३३च्या सुमारास ६०२ स्क्वाड्रन रेनफ्रूहून येथे आले. १९४३ पासून हे मैदान नौदलाच्या ताब्यात होते आणि १९६३ मध्ये नौदलाने ते सोडले.

रेनफ्रूला पर्याय तर हवा होता. प्रेस्टविक तयार असताना शहराला आणखी एक विमानतळ कशाला, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो गैर नव्हता. परंतु लंडनला सकाळी जाऊन संध्याकाळी परतू पाहणाऱ्या ग्लासगोच्या व्यापाऱ्याला विमानासाठी आधी तीस मैल जाणे परवडणारे नव्हते. ग्लासगो नगरपालिकेने हे काम स्वतःच्या अंगावर घेतले. इमारतीचा आराखडा सर बॅझिल स्पेन्स या नामवंत वास्तुशिल्पज्ञाने केला. २ मे १९६६ रोजी, रेनफ्रू बंद झाले त्याच दिवशी, ॲबट्सिंच सुरू झाले. त्याच्या एकच महिना आधी सरकारने स्थापलेल्या ब्रिटिश विमानतळ प्राधिकरणाकडे हीथ्रो, गॅटविक व स्टॅनस्टेड यांच्या जोडीला प्रेस्टविक सोपविले होते. म्हणजे एकाच वसंत ऋतूत एका बाजूला सरकारचा विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला शहराचा विमानतळ असे दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे राहिले.

कायद्याची भिंत

स्पर्धा मात्र खुली नव्हती. स्कॉटलंडमधून अटलांटिकपार जाणारी नियमित विमाने प्रेस्टविकहूनच सुटली पाहिजेत, असे सरकारी धोरण होते. ग्लासगोच्या वाट्याला देशांतर्गत व युरोपमधील वाहतूक होती. १९७५ मध्ये प्राधिकरणाने ग्लासगोचा विमानतळही घेतला. दोन्ही भाऊ एकाच घरात आले, पण वाटणी तशीच राहिली. परिणाम असा झाला, की दुसऱ्या शहरातून विमानाने आलेल्या माणसाला पुढे कॅनडाला जायचे, तर ग्लासगोला उतरून रस्त्याने समुद्रकिनारा गाठावा लागे. मग पुष्कळांनी सरळ हीथ्रोहून जाणेच पसंत केले, तर नवल नाही.

या धोरणाची टिंगल करणे सोपे आहे. परंतु त्यामागे माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. त्याच काळात एअरशायरमधील कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. विमानतळ आणि त्याच्या शेजारचा विमानांचा कारखाना हे त्या भागातील रोजगाराचे मोठे आधार होते. तो आधार सरकारने राखावा, ही अपेक्षा अन्यायाची नव्हती. माझा आक्षेप संरक्षणाला नाही. संरक्षणाच्या काळात काय केले गेले नाही, याला आहे.

ग्लासगो ते एअर हा लोहमार्ग १८४० पासून अस्तित्वात आहे आणि तो प्रेस्टविकच्या विमानतळाला अगदी खेटून जातो. महासागरापारच्या प्रवाशांची सारी मक्तेदारी प्रेस्टविकपाशी असताना, चाळीसहून अधिक वर्षे, गाड्या विमानतळाच्या दारावरून धावत होत्या. पण विमानतळासाठी तेथे स्थानक बांधले गेले नाही. अंतर हाच ज्याचा मुख्य दोष, त्याने अंतर कमी करण्याचा उपाय दारात असून वापरला नाही. कायद्याने प्रवासी मिळत असल्यामुळे त्याची निकड कुणाला भासली नसावी, असे मला वाटते.

१९९० मध्ये सरकारने बंधन उठविले. एअर कॅनडा, नॉर्थवेस्ट आदी कंपन्या ग्लासगोला निघून गेल्या आणि प्रेस्टविकची नियमित प्रवासी वाहतूक बघता बघता आटली. तोवर खासगी झालेल्या प्राधिकरणाने १९९२ मध्ये हा विमानतळ विकून टाकला. नव्या मालकांच्या काळात, १९९४ मध्ये, रेल्वेचे स्थानक अखेर उभे राहिले, पण अमेरिकेचे प्रवासी गेल्यानंतर. याच वर्षी रायनएअर ही स्वस्त दराची कंपनी तेथे आली. स्वस्त तिकीट मिळते म्हटल्यावर लोक गाडीने तेथवर जाऊ लागले आणि २००७च्या सुमारास वर्षाकाठी वीस लाखांहून अधिक प्रवाशांनी हा विमानतळ वापरला. परंतु एका कंपनीवर उभे राहिलेले घर त्या कंपनीच्या मर्जीवर असते. प्रवासी पुन्हा घटले, तोटा वाढला. नोव्हेंबर २०१३ मध्ये स्कॉटिश सरकारने विमानतळ एका पौंडाला घेतला आणि तो चालू ठेवण्यासाठी पुढे चार कोटी पौंडांहून अधिक कर्ज दिले.

दोघांचे भांडण

इकडे ग्लासगो जिंकले, असे म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. ॲबट्सिंचपासून पेझलीचे रेल्वेस्थानक जेमतेम दीड मैलावर आहे. तेथून विमानतळापर्यंत लोहमार्ग नेण्याचा कायदा २००६ मध्ये मंजूर झाला. २००९ मध्ये खर्चाच्या कारणाने तो प्रकल्प रद्द झाला. म्हणजे ज्या विमानतळाला प्रवासी होते त्याला रेल्वे नाही, आणि ज्याला रेल्वे मिळाली त्याला प्रवासी नाहीत.

दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तिसरा म्हणजे पूर्वेचे एडिंबरा. २००७ मध्ये त्याने प्रवासीसंख्येत ग्लासगोला मागे टाकले. पुढे एकाच मालकाकडे दोन्ही मोठी शहरे असू नयेत, असा निर्णय स्पर्धा आयोगाने दिला आणि २०१२ मध्ये एडिंबरा विमानतळ वेगळ्या मालकाकडे गेला. २०१४ मध्ये त्याच्या दारापर्यंत ट्राम आली. ग्लासगो व एडिंबरा या दोहोंच्या मध्ये एकच मोठा विमानतळ बांधावा, ही सूचनाही पुढे आली होती, पण २००३च्या सरकारी धोरणपत्राने ती मान्य केली नाही. २०२४ मध्ये एडिंबराची प्रवासीसंख्या दीड कोटीच्या वर होती, तर ग्लासगोची सुमारे ऐंशी लाख, म्हणजे जवळजवळ निम्मी.

निष्कर्ष

या इतिहासातून मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, नैसर्गिक अनुकूलता कायमची नसते. धुके, इंधन आणि अंतर यांचा अर्थ तंत्रज्ञानाबरोबर बदलतो. विमानांना धुक्यात उतरविणारी साधने आली, तेव्हा प्रेस्टविकच्या स्वच्छ हवेची किंमत कमी झाली. त्याची धावपट्टी सुमारे ३,००० मीटरची आहे, पण ग्लासगोची सुमारे २,६६० मीटरचीही अटलांटिकच्या विमानांना पुरली. दुसरी, विमानतळाचा खरा पृष्ठप्रदेश घड्याळाने मोजावा लागतो. घरापासून विमानापर्यंत किती वेळ व किती पैसा लागतो, याला प्रवाशाच्या मनात सर्वांत अधिक वजन असते. तिसरी, कायद्याचे संरक्षण ही दिलेली मुदत असते. त्या मुदतीत उणिवा भरून काढल्या नाहीत, तर संरक्षण उठते त्या दिवशी पहिला फटका मालकाला न बसता कामगाराला बसतो.

प्रेस्टविक संपलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. मालवाहतूक, विमानांची दुरुस्ती आणि लष्करी विमानांचे थांबे यांवर ते तग धरून राहिले. शिवाय उत्तर अटलांटिकच्या पूर्वार्धावरील आकाशाचे नियंत्रण प्रेस्टविकच्याच केंद्रातून होते. शॅनन आणि प्रेस्टविक या दोन नावांची सांगड घालून त्या क्षेत्राला ‘शॅनविक’ म्हणतात. जी विमाने एकेकाळी इंधनासाठी येथे उतरत, त्यांच्या वारसदार जेट विमानांचे मार्ग आज येथील माणसे आखून देतात. ती विमाने उतरत मात्र नाहीत.