आधीं शिष्य, मग सेवक

विद्यार्थिमित्रहो, सेवेची इच्छा असली म्हणजे सेवा करतां येतेच, असें नाहीं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्रांत हाच धडा आहे.

सप्टेंबर १९३८ मध्यें पांच भारतीय डॉक्टर बोटीनें मुंबईहून चीनला निघाले. त्यांत कोटणीस होते. शस्त्रक्रिया त्यांस येत होती. परंतु जखमी शिपायाला ‘कोठें दुखतें?’ एवढें विचारण्यापुरतीही भाषा येत नव्हती. फेब्रुवारी १९३९ मध्यें ते येनानला पोहोंचले. तेथें पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहांतून लोक राहत. काम करतां करतां, मिळेल त्या सवडींत, कोटणीस चिनी शिकले. पुढें त्याच भाषेंत वैद्यकाचे वर्ग घेऊं लागले. ‘के दिहुआ’ हें चिनी नांवही त्यांनीं घेतलें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, ते चीनमध्येंच निवर्तले. आपल्या कोल्हापुरांत जन्मलेल्या व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं त्यांच्यावर बोलपट काढला.

आम्ही प्रथम खेड्यांत शिकवावयास गेलों, तेव्हां मुलांची बोली आम्हांस कळत नसे व आमची पुस्तकी भाषा त्यांस कळत नसे. सायंकाळीं पारावर बसून ती बोली शिकलों, तेव्हांच आमचें शिकविणें सुरू झालें.

मुलांनो, ज्याची सेवा करावयाची, त्याचें शिष्यत्व आधीं पत्करा. फावला वेळ त्यासाठींच आहे.