स्क्रीन रीडर आणि बदलता संगणक

बँक, कार्यालय, महाविद्यालय अशा सर्व ठिकाणी संगणक हे आता नित्य व्यवहाराचे साधन झाले आहे. दृष्टिहीन व्यक्तीला हे साधन हाताळता येते ते ‘स्क्रीन रीडर’ या सॉफ्टवेअरच्या साह्याने. पडद्यावरील मजकूर, याद्या, बटणे आणि सूचना स्क्रीन रीडर वाणीतून ऐकवतो किंवा जोडलेल्या ब्रेल यंत्रावर उमटवतो. वापरणारा माउसऐवजी कळफलकावरून सर्व कामे उरकतो.

तथापि, स्क्रीन रीडर स्वयंपूर्ण नसतो. संगणकाचा सर्व कारभार चालविणारी मूळ प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्याकडून जेवढी माहिती मिळेल तेवढीच स्क्रीन रीडर बोलू शकतो. साहजिकच ही प्रणाली बदलली की स्क्रीन रीडरलाही बदलावे लागते. या दोहोंमध्ये अंतर पडले, तर डोळस कर्मचाऱ्याला नवा पडदा केवळ अनोळखी वाटतो. दृष्टिहीन कर्मचाऱ्याचे काम मात्र थांबते.

अक्षरांकडून चित्रांकडे

प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांवर डॉस ही प्रणाली होती. तिचा पडदा बहुधा २५ ओळींचा व प्रत्येक ओळीत ८० अक्षरांचा असे. ही अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरांच्याच रूपाने साठविलेली असल्यामुळे ती तेथून उचलून बोलून दाखविणे तुलनेने सोपे होते. १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते टेड हेन्टर यांच्या संस्थेने १९८९ मध्ये डॉससाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर तयार केला.

पुढे मॅकिंटॉश व विंडोज यांचे चित्रमय पडदे आले. अशा पडद्यावर अक्षरदेखील अखेर ठिपक्यांचे चित्रच असते. त्यामुळे पूर्वीची पद्धत निरुपयोगी ठरली. यावर तंत्रज्ञांनी एक युक्ती योजली. पडद्यावर काही रेखाटण्याची आज्ञा चित्रण यंत्रणेकडे जात असता ती वाटेतच टिपायची आणि तिच्या आधारे पडद्याची एक अदृश्य प्रतिकृती स्मृतीत उभारायची. स्क्रीन रीडर या प्रतिकृतीवरून वाचन करी. मॅकिंटॉशसाठी ‘आउटस्पोकन’ १९८९ मध्ये, तर विंडोजसाठी ‘जॉज’ १९९५ मध्ये उपलब्ध झाला.

अनुमानाची मर्यादा

ही युक्ती चतुर होती, परंतु तिचा पाया अनुमानाचा होता. एखादा चौकोन बटण आहे की नुसती शोभेची चौकट, हे स्क्रीन रीडरला तर्कानेच ठरवावे लागे. शिवाय चित्रणाची पद्धत बदलताच टिपण्याची वाट बंद होई. २००७ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाच्या काळात नव्या धर्तीचे काही प्रोग्रॅम जुनी रेखाटन यंत्रणा टाळून वेगळ्या मार्गाने चित्र उमटवू लागले. अशा ठिकाणी प्रतिकृतीत मजकूर येतच नसे.

यावरील उपाय म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमनेच आपली ओळख सांगणे. पडद्यावरील घटकाचे नाव काय, तो बटण आहे की यादी, निवडलेला आहे की नाही, ही माहिती ठरावीक नियमांनुसार ऑपरेटिंग सिस्टिममार्फत पुरविली जाते. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ व पुढे व्हिस्टाबरोबर ‘यूआय ऑटोमेशन’ ही व्यवस्था आणली. मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बटणाला नावच दिले नाही, तर स्क्रीन रीडर केवळ ‘बटण’ एवढेच उच्चारतो. ते पैसे पाठविण्याचे आहे की व्यवहार रद्द करण्याचे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

जुने आणि नवे

ॲपलने २००५ मध्ये आपल्या संगणकांत व २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर मूळ प्रणालीतच अंतर्भूत केला. प्रणाली व वाचक एकाच निर्मात्याचे असल्याने नव्या आवृत्तीबरोबर वाचकही हाती येतो. ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य स्क्रीन रीडरचे काम आरंभिले. त्याची सांकेतिक रचना सर्वांना खुली असल्यामुळे निरनिराळ्या देशांतील लोक त्यातील दोष शोधून दुरुस्तीस हातभार लावतात.

परंतु जुन्या प्रणालींचा भारही कायम वाहता येत नाही. एनव्हीडीएने २०१७.४ या आवृत्तीपासून विंडोज एक्सपी व व्हिस्टा, तर २०२४.१ पासून विंडोज ७ व ८ यांचा आधार काढून घेतला. ज्याच्याकडे जुना संगणक आहे, त्याला जुन्या वाचकावरच भागवावे लागते. नव्या संगणकाचा खर्च न परवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही अडचण मोठी आहे.

मराठीचा प्रश्न

एनव्हीडीएसोबत मिळणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या वाणीयंत्रणेत मराठीचा समावेश आहे. तरीही मराठी मजकूर युनिकोडमध्ये असल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. जुन्या पद्धतीच्या अनेक फॉन्टमध्ये अक्षराचे रूप देवनागरी असले तरी संगणकाच्या लेखी ते रोमन चिन्हच असते. ऐकणाऱ्याच्या कानी पडते ती निरर्थक अक्षरावळ. कागदाचे केवळ छायाचित्र घेऊन प्रसिद्ध केलेले परिपत्रकही, त्यातील अक्षरे ओळखण्याची वेगळी प्रक्रिया केल्याविना, मूकच राहते.

कार्यालयांचे कर्तव्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान दिव्यांगांना सुलभ असावे, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांची उपलब्धता ही घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या अधिकाराचा भाग मानली आहे.

म्हणून कोणत्याही कार्यालयाने ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कामकाजाचे सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य कराव्यात. नवी व्यवस्था प्रथम एकाच संगणकावर बसवून दृष्टिहीन कर्मचाऱ्याकडून तिची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. खरेदीच्या अटींतच स्क्रीन रीडरशी सुसंगतता नमूद करावी. चाचणीत आढळलेले दोष दूर होईपर्यंत जुनी व्यवस्था सुरक्षितपणे चालू ठेवता येत असेल, तर ती बंद करू नये. आणि नव्या कळसंयोगांच्या शिक्षणासाठी कर्मचाऱ्याला पुरेसा अवधी द्यावा. बदल अंमलात आल्यानंतर केलेल्या दुरुस्तीपेक्षा ही पूर्वतयारी कमी खर्चाची असते, आणि तिच्यामुळे कर्मचाऱ्याच्या कामात एका दिवसाचाही खंड पडत नाही.