रंगगोळ्यांचा खेळ : आधी मुखवटा, मग बंदूक

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुणे, हैदराबादकडे गेलेली आपल्या भागातील मुले सुट्टीत घरी येतात, तेव्हा नव्या खेळांची नावेही सोबत आणतात. पेंटबॉल हा त्यांपैकीच एक खेळ. लोणावळा परिसरात किंवा हैदराबादेत कॉलेजच्या अथवा कंपनीच्या सहलीत तो एकदा खेळला, की काहींना स्वतःचे साहित्य घ्यावेसे वाटते. मग घरात पहिला प्रश्न निघतो तो कोणती बंदूक घ्यावी, कितीला मिळेल, असा. वैद्यकीय दृष्टीने हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. तो तसा का, हे आज पाहू.

खेळ आला कोठून?

या खेळाचा जन्म जंगलखात्याच्या कामातून झाला, हे वाचून किनवट-माहूरच्या वाचकांना गंमत वाटेल. आपल्याकडे तोडायच्या सागावर हातोड्याचा छाप मारतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात नेल्सन पेंट कंपनीने झाडांवर आणि गुरांवर लांबूनच खूण करता यावी म्हणून रंगाची गोळी उडवणारे पिस्तूल बाजारात आणले. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावाजवळच्या रानात १२ जणांनी त्याच पिस्तुलांनी पहिला खेळ खेळला. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलतज्ज्ञ, आणि त्याने एकही गोळी झाडली नव्हती. रान ओळखणे आणि शांतपणे चालणे यावरच त्याने बाजी मारली. नव्या खेळाडूने हे जरूर ध्यानात ठेवावे.

पुढे याचे दोन प्रकार रूढ झाले. मोकळ्या मैदानात फुगवलेल्या आडोशांमागून खेळला जाणारा झटपट खेळ हा एक. झाडीत खेळला जाणारा खेळ हा दुसरा. झाडीतल्या खेळाला कधी कथानक जोडतात. एका गटाने ठाणे राखायचे, दुसऱ्याने अडकलेल्या साथीदाराला सोडवायचे. असा खेळ तासन्‌तास चालतो. म्हणून त्याचे साहित्य निवडताना घाम, काटे, ऊन आणि पाणी यांचा विचार अगोदर करावा लागतो.

एवढीशी गोळी, एवढा मोठा धोका

नेहमीची रंगगोळी सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची आणि साधारण ३ ग्रॅम वजनाची असते. आपण औषधाची कॅप्सूल गिळतो, तिच्यासारखेच जिलेटिनचे कवच आणि आत पाण्याने धुऊन जाणारा रंग. ही गोळी नळीतून निघते ती सेकंदाला जास्तीत जास्त ३०० फूट वेगाने. बहुतेक मैदानांवर याहून कमी मर्यादा पाळतात. ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने टाकलेला गाजलेला चेंडू ताशी १६१ किलोमीटरचा होता.

आता डोळ्याची रचना पाहा. डोळा कपाळ, गाल आणि नाक यांच्या हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. क्रिकेटचा चेंडू या खोबणीपेक्षा मोठा असल्याने त्याचा बराच मार हाडे झेलतात. रंगगोळी मात्र खोबणीत सहज शिरते आणि सारा मार बुबुळावर बसतो. डोळ्यात रक्त उतरणे, भिंग सरकणे, मार लागून मोतीबिंदू होणे, दृष्टिपटल फाटणे किंवा सुटणे, प्रसंगी डोळाच फुटणे, हे सर्व एका गोळीने होऊ शकते. काचबिंदू तर कित्येक वर्षांनी उद्भवतो. विटीदांडूच्या विटीने डोळा गेलेली माणसे आपल्या गावागावांत आहेत. तेच शास्त्र येथे आहे, फक्त वेग कितीतरी पट अधिक.

यात दिलासा देणारी गोष्ट एकच, की ही इजा जवळजवळ पूर्णपणे टाळता येते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या रुग्णांत बहुतेकांनी त्या क्षणी मुखवटा घातलेला नव्हता. कोणी घाम पुसायला काढला होता, कोणी खेळ संपला म्हणून, कोणी अंगणात सहज नेम धरत होता.

पहिली खरेदी : मुखवटा

पैसे मोजकेच असतील तर ते सारे मुखवट्यावर घालावेत. निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) मुखवटा खास पेंटबॉलसाठीच बनवलेला असावा. त्यावर किंवा खोक्यावर एएसटीएम एफ १७७६ या मानकाचा उल्लेख शोधावा. मोटारसायकलचा गॉगल, वेल्डिंगचा चष्मा, पोहण्याचा चष्मा किंवा नेहमीचा नंबरचा चष्मा यांपैकी काहीही येथे चालत नाही.

२) डोळ्यांबरोबर तोंड आणि कानही झाकले जावेत. कानाच्या पडद्याला बसलेला मारही वाईट असतो.

३) काच दुहेरी असावी. एकेरी काचेवर वाफ धरते, दिसेनासे होते आणि मग माणूस नकळत मुखवटा वर करतो. तेवढा एक क्षण पुरेसा असतो. झाडीत तासन्‌तास खेळायचे असेल तर दुहेरी काच ही चैन नसून गरज आहे.

४) चष्मा वापरणाऱ्याने आपला चष्मा आत बसतो की नाही, हे दुकानात घालून पाहावे. मान जोरात हलवली तरी मुखवटा सरकता कामा नये.

५) काच मऊ कापडाने व साध्या पाण्याने पुसावी. स्पिरिट, पेट्रोल, थिनर लावू नये, त्याने ती आतून कमजोर होते. तडा दिसल्यास किंवा अगदी जवळून गोळी बसल्यास काच बदलावी. जुना, कोणाचा तरी वापरलेला मुखवटा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

दुसरी खरेदी : पाय आणि अंग

घोटा झाकणारे, खाचदार तळव्याचे बूट घ्यावेत. झाडीत गोळीपेक्षा मुरगळलेला पाय अधिक जणांना घरी पाठवतो. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, जाड पँट, हातमोजे, मानेभोवती मफलर किंवा पंचा आणि गुडघ्याला पट्टी एवढे पुरे. मुलांनी व पुरुषांनी क्रिकेटचा गार्ड अवश्य लावावा. रंग मातकट किंवा हिरवा चालेल. पण लष्करी छापाचे कपडे घालून हातात बंदूक घेऊन रस्त्याने हिंडू नये. पाहणाऱ्याला खेळ आणि खरे यांतला फरक कळत नाही.

तिसरी खरेदी : बंदूक, तीही सावकाश

पहिले पाच-सहा खेळ मैदानावरची भाड्याची बंदूक वापरावी. पुढे घ्यायचीच झाली, तर नवशिक्याला यांत्रिक, मजबूत, सहज खोलून पुसता येणारी बंदूक बरी. टिपमन ९८ हा याचा बहुपरिचित नमुना. बॅटरीवर धडाधड गोळ्या सोडणाऱ्या महागड्या बंदुकीचा झाडीत विशेष उपयोग नाही, गोळ्यांचा खर्च मात्र वाढतो. लहान मुलांसाठी अर्ध्या इंचाच्या हलक्या गोळ्यांचा प्रकार असतो, त्याचा मार कमी लागतो. मुखवटा मात्र तोच आणि तितकाच आवश्यक. कायद्याची बाजूही आहे. हवेवर चालणाऱ्या हत्यारांसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतुदी आहेत. म्हणून पोलीस ठाण्यात चौकशी केल्याशिवाय बंदूक मागवू नये.

बंदुकीसोबत नळीवर चढवायची कापडी पिशवी घ्यावीच. खेळ थांबला की ती नळीवर गेलीच पाहिजे. हवेची किंवा कार्बन डायऑक्साइडची टाकी ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावी. टाकी व तिच्या झडपेचा जोड घरी कधीही खोलू नये. झडप सुटली तर टाकी रॉकेटसारखी उडते. अमेरिकेत यामुळे माणसे दगावली आहेत. द्रवरूप वायू गळून कातडीवर आला तर थंडीने कातडी भाजल्यासारखी होते. गोळ्या कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात. जुन्या, टणक झालेल्या गोळ्या फेकून द्याव्यात, त्या फुटत नाहीत आणि जास्त लागतात.

आपल्या रानात खेळावा का?

राखीव जंगलात आणि पैनगंगा अभयारण्यात हा खेळ खेळू नये. तेथे परवानगीशिवाय असे शिरणे गुन्हा ठरतो. कोणाच्या शेतात मालकाच्या संमतीने खेळलात, तर दोरी बांधून हद्द आखावी आणि पाहणाऱ्यांना मुखवटे द्यावेत किंवा गोळीच्या पल्ल्याबाहेर ठेवावे. गुराखी पोरे हमखास जवळ येतात. पडलेल्या गोळ्या वेचून न्याव्यात. कुत्र्याने त्या खाल्ल्या तर आतील पदार्थ अंगातले पाणी आतड्यात ओढतो, कुत्रे थरथरते, झोकांड्या खाते. अशा वेळी लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा बरा. मुखवटा आणि जाड कपडे यांत एप्रिल-मेच्या उन्हात उष्माघात ओढवतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पीत राहावे. मात्र हिवाळ्यातच खाजकुयरीच्या शेंगा वाळतात, त्यांची झुडपे ओळखून टाळावीत. पालापाचोळ्यात पालथे झोपण्यापूर्वी काठीने जागा चाचपावी. घोणस आणि फुरसे तेथेच असतात. साप चावल्यास कापू नये, करकचून बांधू नये, तो अवयव हलवू न देता सरळ दवाखाना गाठावा.

डोळ्याला लागलेच तर

डोळा चोळू नये, दाबू नये. गुलाबपाणी, मध, दूध किंवा घरातले जुने थेंब घालू नयेत. नुसता रंग उडाला असेल तरच स्वच्छ पाण्याने धुवावा. थेट मार लागला असेल, तर कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याला न टेकवता हाडावर टेकेल असा चिकटवावा. डोके उंच ठेवावे. ॲस्पिरिन देऊ नये. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून खायला देऊ नये. जवळ असाल तर गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. तेथून सांगतील त्याप्रमाणे नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी जावे. किनवटहून नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर आहे, म्हणून "सकाळी बघू" असे म्हणू नये. दुखणे थांबले आणि दिसू लागले तरी तपासणी टाळू नये, कारण तीन-चार दिवसांनी आत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखी वाटणे, काळे ठिपके तरंगणे, एका बाजूने पडदा आल्यासारखे दिसणे ही दृष्टिपटल सुटल्याची लक्षणे होत.

कोणी खेळू नये?

नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, गरोदर स्त्रिया, तसेच फिट्स, हृदयविकार किंवा दमा आटोक्यात नसलेले यांनी खेळू नये. मोठा उणे नंबर असलेल्यांचे दृष्टिपटल पातळ असते. त्यांनी आधी ते तपासून घ्यावे. एकच डोळा चांगला असलेल्याने तर हा धोका पत्करूच नये.

खेळ वाईट नाही. मुले मोबाइल सोडून झाडीत धावतात, एकमेकांच्या साथीने डाव आखतात, हे चांगलेच आहे. मुलगा बंदुकीसाठी हट्ट धरून बसला, तर पालकांनी रागावू नये. आधी मुखवटा घेऊन द्यावा, एक हंगाम भाड्याच्या बंदुकीवर खेळू द्यावा आणि शेवटची शिट्टी होऊन सर्व बंदुकांवर पिशव्या चढेपर्यंत तो मुखवटा चेहऱ्यावरच ठेवतो का, ते पाहावे. ठेवत असेल, तर बंदुकीचा विचार पुढच्या वर्षी खुशाल करावा.