मैत्री कोण जमवतं?

भाची : मावशी, पोरीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं आमचं जवळजवळ ठरलंय. सासूबाई मात्र एकच विचारतात, ‘एकलकोंडी झाली तर?’

मावशी : रास्त आहे त्यांचं विचारणं. माझ्या दोघांच्या वेळी मलाही धास्ती होती ती याचीच, दहावीची नव्हे. दहावी काय, चौदा वर्षं पूर्ण झाली की एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येते.

भाची : यावर कुणी अभ्यास केलाय का?

मावशी : केलाय. १९९२ साली फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी शायर्स यांनी ८ ते १० वर्षांची मुलं घेतली, ७० घरी शिकणारी आणि ७० शाळेत जाणारी. त्यांचे खेळ चित्रित केले आणि कोण कुठलं हे न सांगता निरीक्षकांना दाखवले. घरी शिकणाऱ्यांत आरडाओरडा, दांडगाई कमी दिसली.

भाची : मग मिटलंच की!

मावशी : इतक्यात नको. अशा अभ्यासाला आपणहून तयार होतात ते बहुधा जागरूक पालकच. आणि पोरं भांडत नाहीत एवढ्यानं मी खूश होणार नाही. भांडून, अबोला धरून पुन्हा खेळायला येणं जमलं पाहिजे. शाळेत मधल्या सुट्टीत बाईंची नजर नसते, तेव्हा मुलं नेमकं हेच शिकतात. घरी शिकणाऱ्या मुलाला माणसं कमी भेटत नाहीत गं. उलट लहानमोठी, सगळ्या वयांची भेटतात. पण मैत्री जमवते आई! फोन तिचा, ने-आण तिची, आणि भांडण झालं की दोघी आया बोलून मिटवणार. त्यात पोरीच्या वाट्याला काय आलं?

भाची : मग करायचं काय?

मावशी : रोज जाता येईल असं एक ठिकाण शोध. खो-खोचं मैदान, मल्लखांबाचा वर्ग, नाहीतर सोसायटीचं अंगण. आणि तू तिथे बसून राहायचं नाहीस. शाळेतल्या मुलाला आईला ठाऊक नसलेलं एक जग आपोआप मिळतं. घरी आईच बाई, आईच वेळापत्रक. म्हणून तुलाच मुद्दाम बाजूला व्हावं लागेल. गणित कधी करायचं ते तिला ठरवू दे. एखादा आठवडा वाया गेला तर जाऊ दे. मला हे सगळ्यात जड गेलं होतं.

भाची : आणि कायद्याचं?

मावशी : २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतो, घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळी तरतूद नाही.

भाची : पुढे तीच म्हणाली, मला शाळेत जायचंय, तर?

मावशी : तर घालायचं. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, मागे पडलेलं भरून काढायला खास प्रशिक्षणही. सासूबाईंना हेही सांग.