सभेच्या वहीत लिहायला लाव

मुकुटबन,
रविवार, रात्री

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा बाजारात होतो, नुसतं हं हं करत राहिलो. घरी आल्यावर चैन पडेना. तुझ्यासोबत चाकणच्या कारखान्यात गेलेल्या कोलाम पोडावरच्या पोरीला लाइनवरचे ‘जंगली’ म्हणतात, रात्रपाळीचा सुपरवायझर तुला नको ते बोलतो, आणि युनियनवाले म्हणतात, आधी पगारवाढीचा करार होऊ दे, मग बघू. हे ‘मग’ मला चांगलं ठाऊक आहे. मीही ते म्हणून बसलोय.

खाणीत होतो तेव्हा आमच्या युनियनच्या खोलीत चहाचे कप खिळ्यांना टांगलेले असत. एक दांडी तुटलेला, तो खिडकीत. आमच्यातल्या एका कोलाम गड्याला त्यातच चहा. नियम कुणी केला नव्हता. मी सेक्रेटरी, घोषणा देऊन घसा बसवणारा, आणि दोन वर्षं तो कप रोज बघत होतो. संप तोंडावर आहे, आपसात भांडण नको, एवढंच डोक्यात. पुढे त्या गड्याने यायचं सोडलं, वर्गणीही दिली नाही. कोणत्या तोंडाने मागणार?

नंतर कधीतरी १९२८च्या मुंबईतल्या गिरणी संपाबद्दल वाचलं. विणाई खात्यात मजुरी जास्त, पण अस्पृश्यांना तिथे मज्जाव. नवी कांडी लावताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा बाकीच्या कामगारांना विटाळ. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, ही बंदी उठवायचं मागण्यांत घाला. त्यांनी कुरकुरत घातलं. मालकांनी उलट सुनावलं, हा अन्याय आमचा नाही. पोरी, बोचतं ते हेच. त्या एका बाबतीत मालक खोटं बोलत नव्हते.

म्हणून युनियन सोडू नकोस. सभेत उभी राहा आणि इतिवृत्ताच्या वहीत तुझ्या तक्रारीची नोंद करायला लाव. ‘महिला आघाडी’कडे ढकलतील, जाऊ नकोस. चहा वाटायला तुलाच उठवतील, उठू नकोस.

सुपरवायझरचं मात्र नुसतं सभेवर सोडू नकोस. २०१३च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष बाईच आणि एक सभासद बाहेरचा. तू कंत्राटी असलीस तरी तुझी तक्रार त्यांना घ्यावीच लागते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी दे. तारीख, पाळी, जवळ कोण होतं, सगळं आजच लिहून काढ.

त्या पोरीच्या वतीने मात्र परस्पर बोलू नकोस. तिला विचार. अॅट्रॉसिटीचा कायदा आहे हे सांग, पण त्या वाटेने जायचं की नाही ते ती ठरवेल. आम्ही त्या गड्याला कधी विचारलंच नाही.

सभा झाली की वहीच्या त्या पानाचा फोटो पाठव. मामी बरी आहे.

तुझा,
मामा