समजूतदार भाषेला दारात बसवू नकोस

‘मामा, पर्लमधलं जुनं काम गळ्यात पडलंय, पण फार नाही, नुसते फॉर्म तपासायचेत,’ असं तू परवा फोनवर म्हणालीस. त्या ‘नुसते’ शब्दावर मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तू बसमध्ये होतीस. आता सांगतो. मी अख्खी नोकरी दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म तपासण्यात घालवली आहे.

लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेली पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा घरातल्या जुन्या आत्यासारखी आहे. तू अर्धं बोललीस की उरलेलं ती आपणहून समजून घेते. अहवाल काढायचा असेल, लॉग चाळायचा असेल, तर हा मोठा गुण. पण फॉर्म म्हणजे उंबरठा. तिथे समजूतदार माणूस कामाचा नाही. तिथे ‘नाव काय, कुणाकडे, कशाला’ असं विचारणारा खडूस रखवालदार हवा. पर्लमध्ये फॉर्म तपासणं म्हणजे आत्याला थोडा वेळ रखवालदार करणं, एवढंच.

रकमेपासून सुरुवात कर. एका पतसंस्थेच्या कर्ज अर्जात माझ्या हातून घडलेली गोष्ट. अर्जदाराने आपल्याकडच्या पद्धतीने ‘१,५०,०००’ लिहिलं होतं, इंग्रजी आकड्यांत. मी ते सरळ गणिताला दिलं. पर्लने पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचलं, ‘यांना एक म्हणायचंय’ असं समजून घेतलं आणि एक रुपयाचा कर्ज अर्ज तयार झाला. लॉगमध्ये एक बारीक इशारा पडला होता, पण लॉग कोण वाचतं? म्हणून आधी स्वल्पविराम आणि रिकाम्या जागा काढ, मग पूर्ण मजकूर आकड्यांचाच आहे का ते रेजेक्सने, म्हणजे मजकुराचा घाट सांगणाऱ्या नमुन्याने, बघ, आणि त्यानंतरच गणित. ‘लुक्स लाइक नंबर’ नावाचं तयार फंक्शन वापरायचा मोह होईल. ते इंग्रजीत लिहिलेल्या ‘इन्फिनिटी’लाही संख्या म्हणतं. अनंत रुपयांचं कर्ज कुठलीच पतसंस्था देत नाही.

आता आकड्यांतली खास आपली गंमत. रेजेक्समधलं बॅकस्लॅश डी म्हणजे शून्य ते नऊ, असं आपण शिकतो. मजकूर युनिकोड असेल तर त्यात देवनागरी अंकही बसतात. पिनकोडच्या रकान्यात कुणी मराठी कळफलकावरून ४११०३० लिहिलं तर सहा अंकांची तपासणी झोकात पार पडते. पुढे त्याच मजकुराला संख्या म्हणून वापरलंस तर पर्लच्या लेखी तो शून्य. पर्ल ५.१४ पासून रेजेक्सला ‘ए’ हे अक्षर जोडून बॅकस्लॅश डीला इंग्रजी अंकांपुरतं बांधता येतं, किंवा चौकटी कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहिता येतं. पण म्हणून मराठी अंक फेटाळू नकोस हं. मराठी फॉर्मवर मराठीत लिहिणाऱ्याचं काय चुकलं? तपासणीआधी ‘टीआर’ने दहाही अंक बदलून घे, एका ओळीचं काम आहे.

त्याच्याही आधी एक पायरी आहे, ती विसरलीस तर पुढचं सगळं फसेल. ब्राउझरकडून येतात त्या बाइट, अक्षरं नव्हेत. ‘पुणे’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये बारा बाइटचा. डीकोड केल्यावर चार कोडपॉइंट, कारण दोन मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दोनच अक्षरं. ‘नाव वीस अक्षरांपेक्षा मोठं नको’ ही तपासणी डीकोड न करता लावलीस तर सात अक्षरी मराठी नावही बाहेर राहील. आधी डीकोड, मग कडेच्या जागा छाटणं, मग लांबी, मग घाट. हा क्रम बदलू नकोस.

नावावरून आठवलं. युनिकोडचं ‘लेटर’ हे लक्षण लावून नाव तपासणारा कोड तुला नक्की सापडेल. त्यात मात्रा, अनुस्वार, हलन्त बसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘मार्क’ हे वेगळं लक्षण जोडावं लागतं. मात्रा नसलेली मराठी नावं मोजकीच, म्हणजे असा फॉर्म जवळजवळ सगळ्या मराठी माणसांना हाकलतो. माझं ऐकशील तर नावाला घाट लावूच नकोस. रिकामं नाही, अवाजवी लांब नाही, आत नियंत्रण चिन्हं नाहीत, बस. गोव्यातला, वसईतला डिसोझा इंग्रजी स्पेलिंगमध्ये वर स्वल्पविराम देतो, तो त्याच्या नावाचाच भाग आहे. त्या चिन्हाने डेटाबेसची क्वेरी मोडत असेल तर दोष तुझा, त्याचा नाही. डेटाबेसशी बोलणाऱ्या डीबीआय मॉड्यूलमध्ये प्रश्नचिन्हाची जागा ठेवून किंमत वेगळी पाठवायची सोय आहे, ती वापर.

याउलट जिथे नियम ठाम आहे तिथे तू हट्टी हो. आयएफएससी कोड अकरा खुणांचा: चार अक्षरं, मग शून्य, मग सहा अक्षरं किंवा अंक. पाचव्या जागी लोक हमखास ‘ओ’ टाकतात. तिथे शून्यच येऊ शकतं, तेव्हा ते सुधारून त्यांना दाखव. खाते क्रमांकाला मात्र कधी संख्या करू नकोस, सुरुवातीची शून्यं गळून पडतात आणि पैसे भलतीकडे जातात.

घाटाची दोन टोकं नीट बांध. शेवटाला डॉलर लावला की संपलं असं वाटतं, पण डॉलर शेवटच्या नव्या ओळीच्या आधीही समाधान मानतो. त्याऐवजी बॅकस्लॅश आणि छोटा झेड. आणि ‘किंमत आहे का’ हे नुसत्या ‘इफ’ने विचारू नकोस. ‘घरात अवलंबून किती?’ याला कुणी शून्य लिहिलं की पर्ल त्याला ‘नाही’ समजते आणि तुझा फॉर्म ‘हा रकाना भरा’ म्हणून ओरडतो. किंमत आली आहे का आणि तिची लांबी किती, हे वेगळं विचार.

आता मोठा सापळा, इथे जरा सावकाश वाच. फॉर्ममधून आलेलं वाचणाऱ्या सीजीआय मॉड्यूलमध्ये ‘पॅरम’ने रकान्याची किंमत मागतात. एक किंमत मागितली तर एक देते, यादी चालेल अशा जागी मागितली तर त्या नावाने आलेल्या सगळ्या देते. पुन्हा तेच समजून घेणं. हॅश, म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्या, बांधताना जाड बाणाच्या (=>) उजवीकडे ती यादीची जागा असते. २०१४ मध्ये बगझिला या प्रसिद्ध प्रणालीत हेच उघडकीला आलं. खातं उघडताना खऱ्या नावाचा रकाना कुणी तीनदा पाठवला: एकदा नाव, मग ‘लॉगिन नाव’ हा शब्द, मग दुसऱ्याच कुणाचा ईमेल. हॅशमध्ये ती तिन्ही ओळीने बसली, आणि शेवटच्या जोडीने आधी पडताळलेला ईमेल पुसून टाकला. न पडताळलेल्या पत्त्यावर खातं उघडलं गेलं. आणि ईमेलच्या शेपटावरून आपोआप अधिकार मिळणार असतील तर तेही पदरात. एकच किंमत मागणारा ‘स्केलर’ हा शब्द आधी लिहिला असता तर हे टळलं असतं. त्यानंतर सीजीआय मॉड्यूल अशा जागी इशारा देऊ लागलं, आणि २०१५ च्या पर्ल ५.२२ पासून ते मूळ संचातूनही बाहेर पडलं. तुझ्या जुन्या कामात ते असणार, मी पैजेवर सांगतो.

कुटुंबातल्या व्यक्तींसारख्या ओळींवर ओळी असलेल्या फॉर्मची दुखणी वेगळी. नाव, वय आणि ‘दिव्यांग’ अशी टिक करायची चौकट, अशा तीन ओळी समज. तिन्ही ओळींत रकान्यांची नावं तीच ठेवलीस तर नावं तीन येतील, वयं तीन येतील, पण टिक न केलेली चौकट ब्राउझर पाठवतच नाही. आजीच्या ओळीवरची एकुलती टिक पहिल्या ओळीवरच्या नातवाला चिकटेल. म्हणून प्रत्येक रकान्याच्या नावात ओळीचा क्रमांक घाल. मग मात्र तो क्रमांकही तपास. कुणी ओळ क्रमांक नव्वद कोटी पाठवला तर पर्ल तेवढा ॲरे लांबवायला निघते आणि सर्व्हर आडवा होतो. आणखी एक खोड: पत्त्याच्या आत पिनकोड आहे का, असं नुसतं विचारलंस तरी पर्ल तिथे रिकामा पत्ता उभा करते. पुढच्या ओळीत ‘पत्ता आहे का’ विचारलं की उत्तर ‘हो’. बाहेरून आत, एकेक पायरी विचारत जा.

स्क्रिप्ट चालवताना ‘वजा टी’ लावून टेंट मोड चालू ठेव. बाहेरून आलेली किंमत लिहिण्यासाठी फाइल उघडायला किंवा शेलला द्यायला तो अडवतो, जोवर तू ती रेजेक्सच्या कंसातून गाळून घेत नाहीस. माझ्या एका सहकाऱ्याने कंसात ‘काहीही चालेल’ असं लिहून तो अडथळा संपवला होता. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

तयार मॉड्यूल आहेत, डेटा फॉर्मव्हॅलिडेटर, मोजोलिशसमधला व्हॅलिडेटर. नवं काही लिहिणार असशील तर तीच घे. पण वरचे सगळे प्रश्न त्यांच्या आतही उभे राहतात, ते उघडून बघ. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या तपासणीवर तर मुळीच विसंबू नकोस, ती भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. आणि चुका सांगायच्या त्या सगळ्या एकदम, रकान्याशेजारी, त्याने लिहिलेलं जसंच्या तसं ठेवून. अकरा वेळा परत आलेला फॉर्म बारा वाजता बंद होणाऱ्या खिडकीसारखा असतो, माणूस शिव्या देत घरी जातो.

आज एवढंच कर: जुन्या कोडमध्ये जाड बाणाच्या लगेच पुढे ‘पॅरम’ कुठे कुठे आहे ते शोध आणि आकडा मला कळव. दहाच्या आत असेल तर तुझी तू निस्तर. चाळीसच्या वर गेला तर शनिवारी मीच येतो.